आडनावातलं एक चिन्ह

कर्वेनगरात कमिन्स कॉलेजच्या आसपास मुलींची वसतिगृहं गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एकाची वेबसाइट माझ्याकडे देखभालीला होती. बांधली होती दुसऱ्याच कुणीतरी. ऐन अॅडमिशनच्या दिवसांत तिथल्या काकूंचा फोन आला, "अहो, वसईच्या एका मुलीचा फॉर्म जातच नाहीये. बाकीच्यांचे जातायत."

मुलीचं आडनाव डिसोझा. इंग्रजीत लिहिताना डी अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी येतो, आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेत, तेच चिन्ह म्हणजे मजकूर संपल्याची खूण. आडनाव 'डी'पाशीच संपलं असं धरून डेटाबेस पुढचं 'सोझा' हुकूम म्हणून वाचायला गेला आणि अडखळला. ती बिचारी स्वतःचं नाव लिहीत होती. त्या जागी कुणी मुद्दाम खरा हुकूम लिहिला असता, तर सगळ्या मुलींचे पत्ते नि पालकांचे मोबाइल नंबर बाहेर गेले असते. एसक्यूएल इंजेक्शन ते हेच.

साइट जँगो या फ्रेमवर्कवर होती. जँगोच्या नेहमीच्या वाटेने गेलं तर क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, वेगळी जाते, आणि त्यात भरायची किंमत वेगळी. घोळ होत नाही. इथे मात्र अर्ज आधी आलाय का हे पाहणारी क्वेरी रॉ पद्धतीची होती, आडनाव थेट वाक्यात चिकटवलेलं. दुरुस्ती एका ओळीची: आडनावही किंमत म्हणून वेगळं पाठवायचं.

काकू म्हणाल्या, "ते चिन्हच बंद करा ना!" मी साफ नकार दिला. आपला कोड गचाळ म्हणून मुलीने आडनाव का मोडायचं? शिवाय नुसत्या आकड्याच्या जागी हल्ल्याला ते चिन्ह लागतही नाही.

मग यादीचा क्रम लावणारा भाग तपासला. कॉलमचं नाव किंमत म्हणून वेगळं पाठवता येत नाही. ते ठरावीक यादीशीच ताडावं लागतं. त्यात साइटवर जँगो 3.2 ची जुनी आवृत्ती. तिच्या क्रम लावणाऱ्या 'ऑर्डर बाय'मध्येच भोक होतं, जुलै 2021 मध्ये बुजवलेलं. ऑक्टोबर 2014 मध्ये साइट बांधायच्या ड्रुपल 7 या प्रणालीची तऱ्हा याहून वाईट: इंजेक्शन रोखायला केलेला थरच फुटका निघाला. घोषणेनंतर सात तासांत दुरुस्ती न केलेली साइट फुटलीच असं समजा, असं खुद्द ड्रुपलवाल्यांनी बजावलं होतं.

तुमच्याकडे अशी एखादी साइट असेल तर आजच कोडमध्ये 'रॉ', 'एक्स्ट्रा' आणि 'एक्झिक्यूट' शोधा, आणि फ्रेमवर्कची आवृत्ती कोणती आहे तेही बघा.