ऐकीव वाटा

'राउटर' या यंत्राशी मराठीच्या अध्यापकाचा संबंध एरवी ते बंद पडल्यावरच येतो. परंतु संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने प्रयोगशाळेत तीन राउटर जोडून वाट शोधण्याच्या दोन रीती मला दाखवल्या, तेव्हापासून हे यंत्र मला वाचकाच्या जातीचे वाटू लागले आहे.

पहिली रीत 'आरआयपी'. तिचे मानक १९८८ साली लेखी झाले. हिच्यात राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्याला सांगतो, अमुक ठिकाण माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर आहे. शेजारी त्यात एक मिळवतो आणि तेच पुढे सांगतो. अभियंतेच हिला 'अफवेवरून मार्ग काढणे' म्हणतात. तार तुटली की पहिल्याची वाट जाते. तेवढ्यात दुसरा म्हणतो, 'मला ठाऊक आहे वाट'. ती त्याला पहिल्याकडूनच कळलेली असते, हे दोघांच्याही गावी नसते. मग अंतर एकेकाने फुगत जाते आणि १६ झाले की ठिकाण अगम्य ठरते. या व्यवस्थेत अनंत म्हणजे १६! ज्याच्याकडून ऐकले त्यालाच परत सांगू नये, असा नियम यावर घालावा लागला. दोघांपुरता तो पुरतो. तिघांचे कोंडाळे जमले की पुन्हा तेच.

'मर्ढेकर दुर्बोध' हे वाक्य उत्तरपत्रिकांतून असेच फिरते. विद्यार्थ्याला ते मार्गदर्शिकेकडून मिळालेले असते, मार्गदर्शिकेला जुन्या मार्गदर्शिकेकडून. कविता कोणाच्याच शेजारी नसते.

दुसरी रीत 'ओएसपीएफ'. इथे राउटर निष्कर्ष सांगत नाही. माझ्या तारा एवढ्या, त्यांचे मोल एवढे, इतकेच निवेदन करतो. ते निवेदन क्षेत्रातील सर्वांपर्यंत जसेच्या तसे पोचते. सर्वांजवळ एकच नकाशा जमतो आणि डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने प्रत्येक जण आपली जवळची वाट स्वतः काढतो. मांडणी करताना मला सर्वाधिक भावला तो परिचयाचा विधी. राउटर साधारणतः दर १० सेकंदांनी 'हॅलो' म्हणतो. शेजाऱ्याच्या 'हॅलो'त स्वतःचे नाव दिसेपर्यंत दुतर्फा ओळख झाली असे मानत नाही, आणि ४० सेकंद शांतता पसरली तर शेजारी गेला असे धरतो. दोघांचे हे अंतराल जुळले नाहीत तर तार धडधाकट असूनही नाते जुळत नाही.

ही रीत महाग आहे. स्मृती जास्त लागते, गणितही जास्त. म्हणून मोठ्या जाळ्याचे क्षेत्रांत तुकडे करतात. आणि क्षेत्राच्या सीमेवरचा राउटर पलीकडचा नकाशा देत नाही, केवळ सारांश देतो. म्हणजे तिथे पुन्हा ऐकीवच! चेकॉव्ह मराठीतून वाचताना मी नेमका तिथे उभा असतो. रशियन मला येत नाही. सीमेवरच्या अनुवादकाने सांगितलेले अंतर मी मानून चालतो, आणि आपल्या क्षेत्रातला हिशोब मात्र स्वतः करतो.