चार पावलें

शस्त्रक्रिया हें सर्वस्वीं डॉक्टरांचें काम. रोग्यानें नुसतें निजून राहावें, पुढें सारें आपोआप ठीक होतें, अशी आमची भाबडी समजूत होती. गतवर्षीं आंत्रपुच्छाचा दाह होऊन आमच्याच पोटावर शस्त्र चाललें, तेव्हां ती पार ढांसळली.

शुद्धीवर येतांच प्रथम जाणवली ती तहान. भूल दिली असतां श्वासासाठीं घातलेल्या नळीनें घसा दुखत होता, मळमळत होतें, थंडीनें दांत वाजत होते. उशाशीं सलाइन थेंबथेंब गळत होतें. आम्हीं पाणी मागितलें. मिळाला तो ओठांवर फिरविलेला ओला कापूस! "तूं आई आहेस कीं वैरीण?" असें आम्ही संतापून बोललों. आई कांहींच बोलली नाहीं.

दुसरे दिवशीं डॉक्टरसाहेबांनीं गंभीरपणें विचारलें, "वारा सरला का?" आम्हांस हंसूं आलें, पण हंसतांच टांक्यांतून अशी कळ निघाली कीं डोळ्यांस पाणी आलें. भुलीनें व शस्त्रक्रियेनें आंतड्यांची हालचाल कांहीं काळ मंदावते. वारा सरला म्हणजे तीं जागीं होत आहेत, असें त्यांनीं समजाविलें.

त्याच दिवशीं सिस्टर म्हणाल्या, "उठा, चार पावलें चाला." आजी तर घाबरूनच गेली. तिच्या मतें रोग्यानें अंथरूण सोडणें म्हणजे मरणास बोलावणें! पूर्वीं शस्त्रक्रियेनंतर रोग्यास पुष्कळ दिवस निजवून ठेवीत. १९४० नंतरच्या दशकांत हा प्रघात मोडूं लागला. फार पडून राहिल्यानें पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची व छातींत कफ सांचण्याची भीति असते. म्हणून दीर्घ श्वास घ्यावा, खोकतांना पोटाशीं उशी घट्ट धरावी आणि लवकर चालूं लागावें. आईच्या खांद्यावर हात टाकून आम्हीं तीं चार पावलें टाकलीं. एवढा लांबचा प्रवास आम्हीं जन्मांत केला नव्हता!

शाळेचे सामने बुडाले म्हणून आम्ही खिन्न होतों. तेव्हां भेटीस आलेल्या इतिहासाच्या सरांनीं सातव्या एडवर्ड राजाची गोष्ट सांगितली. त्याचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजीं ठरला होता. पण २४ जूनलाच त्याच्या आंत्रपुच्छाजवळील गळवावर शस्त्रक्रिया करावी लागली. समारंभ झाला तो ९ ऑगस्टला. सर म्हणाले, "बादशहास थांबावें लागलें, तेथें तुमच्या सामन्यांची काय कथा?"

आठवे दिवशीं टांके निघाले. घरीं आल्यावर कळलें कीं जखम भरणें निराळें आणि शक्ति येणें निराळें. जिना चढतांच धाप लागे, दुपारीं निष्कारण झोंप येई, जखमेला खाज सुटे. हें सारें व्हावयाचेंच. मात्र ताप चढला, जखम लाल होऊन सुजली अथवा तींतून पू आला, तर तात्काळ डॉक्टरांस गांठावें, अशी आम्हांस ताकीद होती. सहा आठवडे जड वस्तु उचलण्याचीही मनाई होती. एके दिवशीं फुशारकीनें आम्हीं पाण्याच्या बादलीस हात घातला. आईनें ती मुकाट्यानें काढून घेतली.

पुढें तपासणीस गेलों असतां शेजारच्या खाटेवर असलेले आजोबा तेथें भेटले. ते म्हणाले, "बाळ, तुला पाणी वर्ज्य होतें, तोंवर तुझ्या आईनेंही पाण्याचा घोट घेतला नाहीं. मीं देऊं केलेलें भांडें तिनें परत केलें."

आम्ही खालीं मान घालून घरीं आलों. पाण्याचा तांब्या भरून आईपुढें ठेवला व त्या दिवसाच्या शब्दांची क्षमा मागितली. "वेडा कुठला!" एवढेंच ती बोलली आणि पाणी प्याली. पोटावरची जखम केव्हांच भरली होती. आमच्या शब्दांची जखम भरावयास मात्र त्या दिवसापासून आरंभ झाला.