रानकोंबड्याच्या मानेवरचा ठिपका

कडेगावच्या कोरड्या माळावरून पश्चिमेला निघावे, कराड मागे टाकावे आणि चांदोली-कोयनेच्या रानात पहाटे थांबावे. तेथे एक तुटक, खरखरीत आरव कानी पडते. गावातल्या कोंबड्याचीच, पण मध्येच घसा बसल्यासारखी. हा करडा रानकोंबडा. १८१३ साली टेमिंक या डच पक्षितज्ज्ञाने त्याला फ्रेंच प्रवासी सोनेरा याचे नाव दिले. भारताबाहेर त्याचे रान नाही.

नराच्या मानेवरच्या पिसाची दांडी टोकाला चपटी होते आणि तेथे मेणाच्या थेंबासारखा तुकतुकीत पिवळसर ठिपका उमटतो. हाच ठिपका या पक्ष्याच्या जिवावर उठला. पिसांची कृत्रिम माशी बांधून मासे धरणाऱ्या पाश्चात्त्य शौकिनांना त्यात लहान माशाचा डोळा दिसला.

अमेरिकेतील मेन राज्यात अपर डॅम येथे राहणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स यांचा पूर्वीचा व्यवसाय स्त्रियांच्या टोप्या सजवण्याचा होता. १ जुलै १९२४ रोजी त्यांनी स्वतः बांधलेल्या माशीवर ६ पौंड १३ औंसांचा ट्राउट धरला आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. त्यांची ‘ग्रे घोस्ट’ ही माशी आजही बांधली जाते. लांब दांड्याच्या गळावर करड्या पिसांचे पंख, त्यांच्या मुळाशी रुपेरी फेजंटचे पीस आणि त्यावर, गालाच्या जागी, आपल्या रानकोंबड्याचा ठिपका. विशेष म्हणजे गळ पकडण्यासाठी त्या शिकंजा वापरत नसत. सारे काम बोटांच्या चिमटीत चाले. बांबू आणि सुताने बांधलेले कडेगावचे उंच ताबूत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अशा हातांचे मोल सांगावे लागणार नाही.

काही हौशी कारागीर अजूनही इंग्लंडमधील रेडिच या सुया-गळांच्या गावी घडलेले जुने गळ शोधतात. गळ तापवून मऊ करायचा, हवा तसा वाकवायचा, पुन्हा पाणी द्यायचे. गळाला नेढे नसेल, तर दांड्यावर रेशीमकिड्याच्या तातीचा फास बांधायचा. छंद निरुपद्रवी वाटतो. मात्र एका मानेसाठी एक कोंबडा मारावा लागे, हे माशीकडे पाहून कळत नाही.

पिसांच्या फॅशनपायी पक्ष्यांची कत्तल वाढली, तेव्हा १९०२ साली ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात रोखली. आदेश निघाला, पण माना पुढेही कित्येक दशके परदेशी बाजारात मिळत राहिल्या. खरी कोंडी झाली ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या काळात. भाव चढले. कोणी साध्या पिसावर रंगाचा थेंब दिला, कोणी प्लॅस्टिकचे डोळे लावले. पाण्यात दोन्ही चालतात, पण जाणकारांचे समाधान होत नाही. अखेर ब्रिटन-अमेरिकेत हे पक्षी पाळण्यात येऊ लागले. बंदी नसती, तर हा खटाटोप कोणी केला असता असे वाटत नाही.

विणीचा हंगाम सरला की रानातला नर मानेवरची ही पिसे आपणहून गाळतो. काही महिने तो साधासुधा, काळपट मानेचा दिसतो. मग ठिपके पुन्हा उगवतात.