आतल्या खोलीची भिंत

अकोल्याच्या उन्हाबद्दल सारेच बोलतात, ओलीबद्दल कुणी बोलत नाही. जठारपेठेतल्या आमच्या भाड्याच्या घरी मात्र पाहुणा आधी नाक मुरडतो, मग सलाम करतो. आतल्या खोलीची भिंत बरसातीपासून दिवाळीपर्यंत सुकत नाही. पोपडे सुटतात, कपाटामागे काळे ठिपके उमटतात, तपासायला आणलेल्या वह्यांनाही कुबट वास येतो.

धाकटी त्याच खोलीत निजायची. पहाटे तिची छाती वाजायची. नातेवाईक म्हणाले, बाळदमा आहे, खानदानी आहे. अम्मींनी नजर उतरवली. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत विचारले, "घरात ओल आहे का?" आता वर्गात कुणी सारखे खोकू लागले, की पालकांना आम्हीही हेच विचारतो.

२०२१ मध्ये 'काळी बुरशी'ने सगळ्यांची झोप उडवली होती. तो म्युकरमायकोसिस, करोनानंतर, विशेषतः रक्तातली साखर आटोक्यात नसलेल्यांना गाठणारा. भिंतीवरची काळी बुरशी ती नव्हे. हिचे काम संथ असते. तिचे बारीक कण श्वासावाटे आत जातात. नाक चोंदते, खोकला हटत नाही, दमा असला तर उसळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिकाच काढली. इतकी बुरशी चालेल, असा आकडा तिने दिला नाही. ओलच हटवा, म्हणाली.

घरमालकांचा इलाज एकच, डिस्टेंपर. गुलाबी रंग दोन महिने टिकतो. ओळखीच्या मिस्त्रीचाचांनी भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावले. "खार आहे. पाणी पायातून चढतंय." पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात उमर गेलेल्या माणसाला ही चव नवी नाही. जमिनीतले पाणी विटांच्या छिद्रांतून वर चढते, हवेत उडून जाते, क्षार मागे राहतो. जोत्यावर ओल अडवणारा थरच नाही, तिथे रंग काय करणार? त्यात आपण उन्हाळ्यात खिडक्या लावून कूलर चालवतो, म्हणजे मे महिन्यातही घरात पावसाळाच.

जोत्याचे काम करा, असे मालकांना सांगायला जीभ रेटत नाही. "दुसरं घर बघा" हे उत्तर ठरलेले. आणि नाव ऐकताच 'खोली कालच गेली' म्हणणारे किती भेटतात, हे वाचकांना काय सांगावे!

तूर्त कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढले आहे, धाकटीचे अंथरूण बाहेरच्या खोलीत आणले आहे. छाती कमी वाजते. आतल्या खोलीत कुणी निजत नाही. भाडे दोन्ही खोल्यांचे देतो.