सहीखालची तारीख

अण्णा तलाठी होते. बत्तीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या सज्ज्यांवर सातबाऱ्याचे उतारे हातानं लिहून दिले. उतारा लिहून झाला की शाई वाळेपर्यंत थांबायचे. मग सही, सहीखाली तारीख आणि शेवटी शिक्का. लहानपणी मी हट्ट केला की शिक्का शाईच्या गादीवर दाबू द्यायचे, कागदावर मात्र कधी मारू दिला नाही. "सहीखाली तारीख नसली तर ती सही नव्हे, नुसतं नाव," असं सांगायचे.

पीककर्जासाठी मी आमच्या शेताचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपये भरून उतरवून घेतला. भाच्याच्या लॅपटॉपवर तो उघडला तर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह, आणि सहीची खात्री झालेली नाही असा इंग्रजी मजकूर. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं. "सरकारी उताऱ्यावर प्रश्नचिन्ह? मग हा खरा कशावरून?" ते खरोखर अस्वस्थ झाले होते. मला उत्तर देता येईना, आणि मी तर रोज असल्या सह्यांचंच काम करते.

मिरजेत माझं छोटं ऑफिस आहे. ठेकेदारांची अंदाजपत्रकं, बिलं, ई-निविदा भरून देते. संगणक जुना, त्यावर लिनक्स. पीडीएफ बघायला ओक्युलर. केडीई नावाच्या समूहातले लोक मिळून हा प्रोग्राम लिहितात आणि कुणालाही तो मोफत मिळतो. जर्मनीचं ब्लाउअर एंगेल हे पर्यावरणचिन्ह संगणकाच्या प्रोग्रामांमध्ये सर्वांत आधी यालाच मिळालं, २०२२ साली. जुन्या यंत्रावरही प्रोग्राम चालला पाहिजे, ही त्या चिन्हाची एक अट आहे. माझ्या संगणकावर रोज त्याचा पडताळा येतो.

त्याच संगणकावर तो सातबारा उघडला. वर पट्टी आली, की या दस्तऐवजावर डिजिटल सही आहे. सह्यांचा रकाना उघडल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं, की इथे प्रश्न एक नसून दोन आहेत. सही झाल्यापासून फाईल बदलली का, हा पहिला. सही करणाऱ्याला ओळखायचं कुणाच्या शब्दावर, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चोख होतं: फाईल जशीच्या तशी आहे. घोडं अडलं होतं दुसऱ्यापाशी. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज हे केंद्राचं कार्यालय काही संस्थांना परवाना देतं आणि त्या संस्था माणसांना प्रमाणपत्रं देतात. ओक्युलर ओळखीपाळखीसाठी फायरफॉक्सची यादी वापरतो, आणि त्या यादीत आपल्या कंट्रोलरचं मूळ प्रमाणपत्रच नाही. सही खोटी नव्हती, तिला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं.

अण्णांना हे लगेच समजलं. "ट्रेझरीत नमुना सही पाठवलेली नसली की बिल परत यायचं, तसंच हे," ते म्हणाले.

मग ते मूळ प्रमाणपत्र आम्ही कंट्रोलरच्या संकेतस्थळावरून आणलं. ते खरंच त्यांचं आहे हे ताडून बघायला प्रत्येक प्रमाणपत्राला एक ठसा असतो, चौसष्ट आकडे-अक्षरांचा. तोच ठसा भाच्याच्या फोनवर, वेगळ्या नेटवरून काढला. मी संगणकावरून दोन दोन अक्षरं वाचत गेले, अण्णा फोनमध्ये बघून कागदावर पेन्सिलीनं बरोबरची खूण करत गेले. बत्तीस जोड्या. मधे एकदा माझी एक जोडी गळली, तर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. फेरफाराची नोंद ताडताना ते असेच वागत असणार. प्रमाणपत्र यादीत घालून ओक्युलर बंद करून उघडला, आणि रकान्यातली शंका गेली. अण्णांनी तो खुणांचा कागद घडी घालून सातबाऱ्याच्या प्रिंटला टाचला.

आता माझ्या सहीचं. माझ्याकडे डीएससी होती, म्हणजे पिन घातल्यावरच उघडणाऱ्या यूएसबी टोकनमधलं सहीचं प्रमाणपत्र. सगळे त्या टोकनला डोंगल म्हणतात. ते विकणाऱ्यानं सांगितलं होतं, विंडोजशिवाय चालणार नाही. म्हणून माझ्या स्वतःच्या पत्रांची मी प्रिंट काढायची, पेनानं सही करायची, स्कॅन करायची आणि पाठवायची. ओक्युलरमध्ये सही करायची सोय एप्रिल २०२१ पासून आहे, हे मला उशिरा कळलं. तरी दोन रात्री गेल्या. मधल्या काळात मी लिनक्सची, म्हणजे उबुंटूची, नवी आवृत्ती घातली होती. तिच्यात फायरफॉक्सची माहिती वेगळ्या फोल्डरमध्ये राहायला गेली आहे, त्यामुळे ओक्युलरला एकही प्रमाणपत्र सापडेना. शेवटी त्यासाठी वेगळा फोल्डर केला, टोकनचा ड्रायव्हर त्याला जोडला, आणि ओक्युलरच्या पीडीएफच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता दिला. यादीत माझं नाव आलं. पानावर चौकोन ओढला, पिन घातला, नावाच्या शेवटी 'साइन्ड' लागून नवी फाईल तयार झाली.

अण्णा म्हणाले, "एक अक्षर बदलून बघ." फाईलची प्रत काढली, हेक्स एडिटरमध्ये शीर्षकातलं एकच अक्षर बदललं आणि पुन्हा उघडली. सही अवैध. पेनाच्या सहीला हे कधी जमलं नसतं. आकड्यापुढे एक शून्य वाढवलं तरी ती खाली तशीच शांत बसून राहते.

दिवाळीनंतर मात्र मी चुकले. ऑफिस पाच दिवस बंद होतं. उघडल्या उघडल्या, नेट यायच्या आधीच, एका बिलाच्या पत्रावर सही करून टाकली. दुपारी अण्णा डबा घेऊन आले. ते आता ओक्युलरमधला सह्यांचा रकाना न विसरता बघतात. म्हणाले, "वसुबारसेच्या संध्याकाळी ऑफिस बंद करून तू घरी आली होतीस. मग ही सही कुणी केली?" सहीची वेळ माझ्याच संगणकाच्या घड्याळातून येते. त्याच्या मदरबोर्डावरचा सेल संपला होता. त्यामुळे नेट नसताना घड्याळ शेवटी बंद केलं तिथूनच पुढे चालू झालं होतं. बाहेरच्या एखाद्या संस्थेकडून वेळेचा शिक्का घेता येतो, पण मी तो घेत नव्हते. पत्र रद्द करून दुसरं पाठवलं आणि सेल बदलला. तारीख चुकीची असूनही रकान्यात सही वैधच दिसत होती, ही गोष्ट मला अजून टोचते.

त्याच दिवशी टाचणी काढायला अण्णांनी माझ्या टेबलाचा खण उघडला आणि त्यांना अकरा डोंगलं दिसली. ठेकेदार ठेवून जातात. प्रत्येकाला रबरबँडनं चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर पिन. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. साइटवरचा माणूस निविदेच्या शेवटच्या तासाला कुठून येणार? अण्णा रागावले नाहीत. खण हळूच बंद करून म्हणाले, "अकरा माणसांनी कोऱ्या कागदावर सह्या करून तुझ्याकडे ठेवल्यात."

सातबाऱ्यावरच्या सहीची खात्री करायला मी बत्तीस जोड्या वाचल्या होत्या. आणि माझ्या खणातून निघणारी प्रत्येक सही त्या रकान्यात वैध म्हणूनच दिसणार होती, ती करणारी मी असूनही. टोकनमधली सहीची गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही, एवढी काळजी बनवणाऱ्यांनी घेतली आहे. मी तिला चिठ्ठी बांधून ठेवली होती.

महिनाभरात अकराही डोंगलं परत केली, पिन बदलून घ्यायला सांगितलं. तिघांनी काम दुसरीकडे नेलं. बाकीचे कुरकुरत का होईना, येतात. परवा विट्याकडचे एक ठेकेदार सिमेंटनं माखलेल्या चपलांनिशीच आले. मी पत्र ओक्युलरमध्ये उघडून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. आजवर ते एकही पत्र वाचत नव्हते. या वेळी खुर्ची ओढून अख्खं पत्र वाचलं, रस्त्याची लांबी दोनदा विचारली. मग पिन घालायच्या वेळी मी खिडकीकडे वळले. किबोर्डवर एका बोटाचे सावकाश ठोके ऐकू आले.

"झाली का हो सही, ताई?"

"झाली. रकान्यात तुमचं नाव आलंय बघा."

ते वाकून बघत होते. "आणि तारीख?"

मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. "आजचीच आहे."