आबांना शब्द कळले पाहिजेत



या वेळी आरक्षण नाही, निवडणूकही नाही. रोजच्या वापराच्या गाडीत कमी पैशांत चांगले स्पीकर कसे निवडावेत, यावर लिहितोय. हसू नका. गेल्या काही महिन्यांत आपल्या ओळखीतल्या चार कार्यकर्त्यांनी जुन्या गाड्या घेतल्या. चौघांनीही दुकानदार सांगेल ते स्पीकर बसवले आणि चौघेही फसले. त्यांच्या आधी मी फसलो होतो, म्हणून हा लेख मीच लिहायला हवा.

माझी गाडी म्हणजे जुनी वॅगन आर, तीही बेस मॉडेल. दारात स्पीकरची जागा आहे, स्पीकर नाही. सकाळी घरातून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, संध्याकाळी परत. रविवारी कागल, मुरगूड, कुठंतरी बैठक. दिवसाचा दीड तास गाडीत जातो आणि आठवड्यातून एकदा तरी शेजारच्या सीटवर आबा असतात. माझे वडील.

पहिले स्पीकर मी पुठ्ठ्याच्या खोक्यावरचा आकडा बघून घेतले. ४०० वॅट. दुकानदार म्हणाला, "साहेब, नाद खुळा आवाज हाय, काचा थरथरतील." काचा खरंच थरथरल्या. पुढच्या रविवारी आबा बसले, मी भीमगीत लावलं. ते थोडा वेळ मान हलवत राहिले आणि मग म्हणाले, "आवाज लई मोठा हाय रं. पर म्हंतोय काय त्यो?"

मी आवाज वाढवला. आबांनी कानावर हात ठेवला.

आबा सव्वीस वर्षं शिरोलीच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, साच्यातून निघालेल्या कास्टिंगचा जादा भाग छिन्नीनं तोडायचा आणि ग्राइंडरनं घासायचा, आठ तास. कानात कापसाचा बोळा, तोही घरून नेलेला. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा कायद्यात आहे. त्या शेडमध्ये आवाज मोजायचं यंत्र आबांनी कधी पाहिलं नाही. शेडमध्ये त्यांच्याबरोबर कोण कोण होतं, त्यांची आडनावं मला अजून पाठ आहेत. वर ऑफिसात कोण होतं, तीही पाठ आहेत.

कानाच्या डॉक्टरांनी त्यांचा आलेख दाखवला होता. रेघ सरळ चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडते. यंत्रांच्या आवाजानं गेलेला कान असाच जातो, आधी तिथंच. आता शब्द कशानं कळतात ते बघा. माणसाच्या आवाजाचा घोगरा, जाड भाग खाली असतो, शे-दोनशे हर्ट्झच्या आसपास. त्यावरून कोणीतरी बोलतंय एवढं कळतं. पण स, श, त, च, ख या व्यंजनांचा बराचसा भाग २००० ते ५००० च्या पट्ट्यात असतो. तो पट्टा गेला की 'सात' आणि 'हात' सारखेच. शिवाय असा कान हळू आवाज ऐकत नाही आणि मोठा आवाज एकदम सहन करत नाही. मधली जागा अगदी चिंचोळी. म्हणजे आबांना जास्त आवाज नको होता. त्यांना स्वच्छ आवाज हवा होता, आणि मी त्यांना ढमढम आणून दिली होती.

हे गाणं गाडीतच का ऐकायचं, घरी का नाही, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर जुनं आहे. मी चौथीत असताना आम्ही शहरातल्या एका पेठेत भाड्यानं राहायचो. आबांकडे टेपरेकॉर्डर होता, प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेट होत्या. पण टेप लावायचा तो दार लावून, खिडकी ओढून, बटण दोनवर ठेवून. बाबासाहेबांचा फोटो कपाटाच्या आतल्या बाजूला. घरमालकांना शेवटी कळलंच. गाण्यानं नाही, घरात देव्हारा नव्हता त्यावरून. अकरा महिने पुरे व्हायच्या आत आम्ही दुसरीकडे गेलो. आज स्वतःचं घर आहे, पण आबांचा हात अजून आपोआप बटण दोनवर नेतो. ही गाडी म्हणजे आमची पहिली खोली, जिला शेजार नाही. त्यात त्यांनी बटण दोनवर ठेवायचं कारण नाही.

आणि हे सगळं फक्त जुनंही नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका तरुणाचा मोबाइल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. त्यावरून वाद झाला आणि त्याला उचलून नेऊन ठार मारलं, असा गुन्हा नोंदला गेला. रिंगटोनपुरतं गाणं होतं ते. आवाज कुणाचा चालतो आणि कुणाचा नाही, हा प्रश्न आपल्यासाठी डेसिबलचा कधीच नव्हता.

तर स्पीकर. दुसऱ्यांदा घेताना मी आधी खोक्यावरचा आकडा तपासला. बुद्धानं सांगितलंय, कुणी म्हणतो म्हणून मानू नका. मग ४०० वॅट तरी का मानायचे? त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत 'आरएमएस' लिहिलेलं असतं. स्पीकर सतत किती झेलू शकतो ते त्यावरून कळतं. मोठा आकडा 'पीक'चा, क्षणभराचा, जाहिरातीचा. माझ्या ४०० वॅटवाल्याचा आरएमएस ४५ निघाला.

आता स्टिरिओ किती देतो? त्यावर '५० वॅट गुणिले ४' असं छापलेलं असतं. हिशोब करून बघा. गाडी चालू असताना बॅटरीकडून फार तर १४.४ व्होल्ट मिळतात. त्यातून स्वच्छ लहर काढायची तर तिचा परिणामी व्होल्टेज १०.२ च्या वर जात नाही. त्याचा वर्ग १०४, भागिले स्पीकरचे ४ ओहम, म्हणजे २६ वॅट. तेही कागदावर, काहीही वाया न जाता. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिळतात. ५० कुठून येणार? वेगळा अॅम्प्लिफायर लावणार नसाल तर ४०० वॅटचा स्पीकर घेणं म्हणजे हंडाभर पाण्यासाठी विहीर विकत घेणं.

मग बघायचं काय? सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला तर एक मीटरवर स्पीकर किती डेसिबल आवाज काढतो, तो आकडा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे निम्म्या विजेत तेवढाच आवाज. ९२ चा स्पीकर १० वॅटमध्ये जे करतो, त्यासाठी ८९ च्याला २० लागतात. आपल्याकडे मुळात पंधरा-वीसच आहेत, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. यातही एक मेख आहे. काही कंपन्या आकडा '२.८३ व्होल्टला' देतात. ४ ओहमच्या स्पीकरला ते दोन वॅट होतात, म्हणजे तीन डेसिबल फुकटचे. तिथं मनातल्या मनात तीन वजा करायचे.

दुसरी गोष्ट, कोएक्सियल की कंपोनंट. कोएक्सियलमध्ये छोटा ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मधोमध असतो. स्वस्त, बसवायला सोपा. पण तो दारात खाली, गुडघ्यापाशी असतो आणि उंच सूर हे टॉर्चच्या उजेडासारखे, ज्या दिशेला तोंड त्या दिशेलाच जातात. म्हणजे आबांची सगळी व्यंजनं आबांच्या पॅन्टला ऐकू येत होती. कंपोनंटमध्ये ट्वीटर वेगळा असतो. तो आरशाजवळच्या कोपऱ्यात किंवा डॅशबोर्डवर, कानाच्या जवळपास लावता येतो. मागचे दोन स्पीकर मी रद्द केले. मागे क्वचित कुणी बसतं. चार हलके घेण्यापेक्षा पुढं दोन बरे घ्यावेत, हे माझं मत, आणि ते मी बदलणार नाही. सोनी, पायोनियर, जेबीएल, कुठलाही जाणता ब्रँड चालेल, पण बिलासकट. नकली माल बाजारात भरपूर आहे.

दुकानात ऐकताना मी गाणं लावलंच नाही. बाबासाहेबांची १९५५ ची बीबीसीची मुलाखत मोबाइलवर होती, ती लावली. मागे ढोलकी नाही, कोरस नाही, जुनं रेकॉर्डिंग, एक माणूस बोलतोय. वाईट स्पीकरला लपायला जागाच राहत नाही. दुकानदार म्हणाला, "हे काय बातम्या लावल्यासा?" कुणाचा आवाज आहे ते मी सांगितलं. बाहेर एका गाडीच्या डॅशबोर्डखाली वायरिंग करत पडलेला पोरगा डोकं बाहेर काढून ऐकायला लागला. म्हणाला, "मी कधी ऐकलाच नव्हता." तीन जोड्या ऐकल्या. सगळ्यात महाग होती तिच्यात आवाज हंड्यातून आल्यासारखा वाटत होता. मधली घेतली. साडेचार हजार.

इथं थोडं विषयांतर करतो. आपल्या भागात मिरवणुकीतल्या त्या भिंतीएवढ्या स्पीकरला 'डॉल्बी' म्हणतात. हा रे डॉल्बी कोण? अमेरिकन अभियंता. १९६३ ते ६५ भारतात होता, संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार म्हणून. १९६५ मध्ये लंडनला त्यानं कंपनी काढली आणि नाव कमावलं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रानं. गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटाला दिलं! आपल्या जयंतीच्या मिरवणुकीचा आवाज ज्यांना खुपतो, त्यातल्या कित्येकांना गणपतीत कान नसतात, हे मी शंभर वेळा लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा नियम सन २००० पासून सगळ्यांना सारखा आहे. लावला तर सारखा लावा. पण त्यांच्या ढोंगामुळे आपलं गणित बरोबर ठरत नाही. वामनदादा कर्डकांनी मोठेपणी अक्षरं गिरवली आणि आयुष्यभर गाणी लिहिली. गाणी लिहिली ती शब्दांसाठी, वस्तीतल्या न शिकलेल्या माणसापर्यंत विचार पोचावा म्हणून. जलशांनी हेच केलं. ती गाणी अशा यंत्रावर वाजवायची की छाती हादरते आणि एक ओळ कळत नाही, मग त्याऐवजी काहीही वाजवलं तरी काय फरक पडतो? या एप्रिलमध्ये मंडळाच्या बैठकीत मी हे बोललो तर एक पोरगा म्हणाला, "सर, तुमचं वय झालं." झालं असेल. मी त्याला विचारलं, काल रात्री वाजलेल्या गाण्याचं दुसरं कडवं सांग. त्याला आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आलं नाही.

बसवण्याचं काम उद्यमनगरातल्या ओळखीच्या वायरमनकडं केलं. यावर कुणी खर्च करत नाही आणि निम्मा आवाज इथंच वाया जातो. गाडीचं दार म्हणजे पत्र्याचा डबा. स्पीकर समोर जेवढा वाजतो तेवढाच मागं, त्या डब्यात वाजतो आणि भोकांतून बाहेर येऊन पुढचा आवाज खातो. दाराच्या आत चिकट डॅम्पिंग शीट लावली, मोठी भोकं बुजवली, फक्त तळातली पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवली. ती बुजवली तर पावसाळ्यानंतर दार कुजेल. बाराशे रुपये लागले. स्पीकरखाली घट्ट रिंग, म्हणजे तो पत्र्यावर खडखडत नाही. कंपनीच्या मूळ वायरी कापू दिल्या नाहीत, कपलर वापरला. मग पोलॅरिटी. एका बाजूची प्लस-मायनस उलटी लागली तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खालचा आवाज मारतात आणि गायक समोर न वाटता गाडीभर विरघळतो. पेन्सिल सेल क्षणभर टेकवून बघायचा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर उचलतो. वायरमन म्हणाला, "एवढं कोण बघतंय?" बघितलं, तर डावा उलटा होता.

शेवटी स्टिरिओच्या सेटिंगमध्ये बास बूस्ट बंद, लाउडनेस बंद, हाय-पास फिल्टर ८० हर्ट्झवर. ८० च्या खालचं काम साडेसहा इंची स्पीकरला झेपत नाही. ते काढून घेतलं की उरलेलं तो नीट गातो. सगळे मिळून सहा हजार तीनशे. पहिल्या वेळचे अठराशे पाण्यात गेले, ते वेगळे.

आबा दर मार्चला माणगावला जातात. १९२० च्या २१-२२ मार्चला जिथं शाहू महाराजांनी बाबासाहेबांना लोकांसमोर उभं केलं, ते माणगाव. पूर्वी एसटीनं जायचे, या वर्षी गाडीनं गेलो. हातकणंगल्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा मी त्यांचीच जुनी कॅसेट लावली, म्हणजे भाच्यानं मोबाइलवर उतरवून दिलेली. सवयीनं आवाज २४ वर ठेवला. आबा म्हणाले, "कमी कर की जरा." १६ वर आणला. "आनी कमी." १३ वर थांबलो. ते पुटपुटत होते, गायकाच्या अर्धा शब्द मागे. मग गप्प झाले. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती, त्यामुळे आम्ही हळूच चाललो होतो.

"मागं बाई हाय की रं," ते एकदम म्हणाले.

"कुठं?"

"कोरसात. एकच हाय. इतकी वर्सं ऐकतोय, मला कधी कळलंच न्हाई." मग थोड्या वेळानं, "कोन असंल?"

घरी आल्यावर मी माळ्यावरून कॅसेटचं कव्हर शोधून काढलं. त्यावर गायकाचं नाव होतं, संगीतकाराचं होतं, कंपनीचं होतं. तिचं नव्हतं.