जाताना १०१, येताना १००

प्रायव्हेट व्हीलॅनचे प्रकार पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. प्रायमरी व्हीलॅन एक. त्याच्या पोटात सेकंडरी व्हीलॅन, ती दोन जातींची: आयसोलेटेड आणि कम्युनिटी. पोर्ट तीन तऱ्हेचे. आयसोलेटेड पोर्टवरचं यंत्र फक्त प्रॉमिस्क्युअस पोर्टशी बोलतं. कम्युनिटी पोर्टवरचं यंत्र आपल्या गटाशी आणि प्रॉमिस्क्युअस पोर्टशी बोलतं. प्रॉमिस्क्युअस पोर्ट सगळ्यांशी बोलतो, म्हणून गेटवे तिथे लावायचा.

आमच्या टीममध्ये येणारी नवी मुलं एवढं परीक्षेसाठी पक्कं करून आलेली असतात. पण रात्री दोन वाजता एखाद्या ग्राहकाचा सर्व्हर गेटवेपर्यंत पोचत नाही, तेव्हा हा तक्ता फारसा कामाला येत नाही. म्हणून मी त्यांना कोरा कागद देते. त्यावर दोन स्विच काढायचे, मधे ट्रंक, एका टोकाला सर्व्हर, दुसऱ्या टोकाला गेटवे म्हणून फायरवॉल. मग सांगते, एक फ्रेम सर्व्हरपासून फायरवॉलपर्यंत ने, उत्तर परत आण, आणि ट्रंकवरून जाताना तिच्यावर कुठला टॅग आहे तो लिही. बहुतेक जण जाताना आणि येताना एकच नंबर लिहितात. तक्ता बरोबर असूनही प्रायव्हेट व्हीलॅन अजून कळलेलं नाही, ते तिथे दिसतं.

समजा प्रायमरी १००, आयसोलेटेड १०१ आणि एका ग्राहकाची कम्युनिटी १०२. आयसोलेटेड पोर्टवरच्या सर्व्हरने गेटवेचा मॅक पत्ता विचारायला एआरपी सोडली. ती स्विचमध्ये शिरली की १०१ ची होते, ट्रंकवरून १०१ चा टॅग घेऊन जाते आणि पलीकडच्या स्विचवर प्रॉमिस्क्युअस पोर्टमधून बाहेर पडते. वाटेत इतर कुठल्याही आयसोलेटेड पोर्टवर ती उतरत नाही. फायरवॉलचं उत्तर मात्र प्रॉमिस्क्युअस पोर्टमधून आत येतं, म्हणून ते १०० चं. ट्रंकवर टॅग १००, आणि शेवटी सर्व्हरच्या पोर्टवर पोचतं तेही १०० मधूनच. जाताना १०१, येताना १००. कम्युनिटीचंही तसंच: आपल्या गटाशी आणि गेटवेकडे जाणारं सगळं १०२ मधून, गेटवेकडून येणारं १०० मधून. म्हणजे सेकंडरी व्हीलॅन ही गेटवेच्या बाजूने पाहिलं तर एकेरी वाट आहे. नेहमीच्या व्हीलॅनमध्ये असं कधी होत नाही, आणि तिथली सवय घेऊन आलेला माणूस इथे अडतो.

वर्गात हॉटेलच्या खोल्यांचं उदाहरण सर्रास देतात: पाहुणे एकमेकांच्या खोलीत जाऊ शकत नाहीत, रिसेप्शनला सगळे जाऊ शकतात. मला ते अपुरं वाटतं. कोण कोणाला भेटू शकतो एवढंच त्यातून कळतं. कुठल्या वाटेने जातो आणि कुठल्या वाटेने परततो, हे त्यातून कळत नाही. बिघाड शोधायचा तर नेमकं तेच लागतं.

ट्रंकच्या परवानगीच्या यादीतून कोणी १०१ गाळलं, तर सर्व्हरची एआरपी गेटवेपर्यंत जातच नाही, दोन्ही टोकांची एआरपी टेबलं कोरी राहतात. पण १०१ ठेवून १०० गाळलं, तर प्रश्न पोचतो आणि उत्तर हरवतं. फायरवॉलच्या टेबलात सर्व्हरचा मॅक व्यवस्थित दिसतो, सर्व्हरच्या टेबलात गेटवेचा पत्ता नाही. फायरवॉलवाला शपथेवर सांगतो की मला तुमचा सर्व्हर दिसतोय, सर्व्हरवाला सांगतो की मला गेटवे दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. दिशा मनात पक्की असली की या दोन टेबलांवरूनच ट्रंकवर कुठला नंबर राहिलाय ते सांगता येतं, केबलला हात लावावा लागत नाही.

मॅक टेबलातही हीच गोष्ट दिसते. सर्व्हरची फ्रेम १०१ मधून येते, म्हणून स्विच त्याचा मॅक १०१ मध्ये शिकतो. पण उत्तर १०० मधून यायचंय, तेव्हा तोच मॅक १०० मध्येही नोंदवावा लागतो. प्रायव्हेट व्हीलॅन समजणारा स्विच ते आपणहून करतो, म्हणून एकच मॅक दोन व्हीलॅनमध्ये दिसला तर दचकायचं कारण नाही. मधे एखादा जुना स्विच असेल, ज्याच्या लेखी १०० आणि १०१ ही दोन परकी व्हीलॅन, तर त्याला १०० मध्ये तो मॅक कधी सापडत नाही. मग गेटवेकडून येणारी प्रत्येक फ्रेम तो १०० च्या सगळ्या पोर्टवर सांडत बसतो. काम चालतं, पण ट्रंक उगाच भरतात आणि कारण शोधायला दिवस जातो.

हे सगळं कशासाठी, तर मुळात होस्टिंगवाल्यांच्या गरजेतून. नवी मुंबईत महापे-ऐरोलीकडे डेटा सेंटर उभी आहेत. अशा ठिकाणी एका खोलीत अनेक ग्राहकांचे सर्व्हर शेजारी शेजारी असतात आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. प्रत्येकाला वेगळं व्हीलॅन आणि वेगळा सबनेट द्यायचा, तर ८०२.१क्यू च्या टॅगमध्ये व्हीलॅनसाठी १२ बिट आहेत, म्हणजे वापरण्याजोगे नंबर ४०९४. पत्त्यांची उधळण त्याहून मोठी. स्लॅश २९ चा सबनेट दिला की आठ पत्ते जातात. त्यातला पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, एक गेटवेला, ग्राहकाच्या हातात पाच. त्याचा एकच सर्व्हर असेल तर उरलेले चार पडून. आयपीव्ही४ चा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, त्यानंतर ही उधळपट्टी कोणालाच परवडण्यासारखी राहिली नाही. प्रायव्हेट व्हीलॅनमध्ये सगळे एकाच सबनेटमध्ये, एकाच गेटवेमागे राहतात, आणि तरी एकमेकांना दिसत नाहीत. सिस्कोने आपली ही रचना २०१० मध्ये आरएफसी ५५१७ म्हणून लिहून ठेवली. हुवावेच्या स्विचवर अशीच सोय मक्स व्हीलॅन या नावाने आहे. आयसोलेटेड व्हीलॅन एकच पुरतं, कारण कोणीच कोणाशी बोलणार नसेल तर हजार पोर्टही त्या एकात बसतात. कम्युनिटी मात्र गटागणिक वेगळी. ही काटकसर मला फार सुंदर वाटते.

स्वस्त स्विचवर ‘प्रोटेक्टेड पोर्ट’ नावाची सोपी सोय असते आणि पुष्कळदा लोक तिलाच प्रायव्हेट व्हीलॅन समजतात. ती एका स्विचपुरती आहे. दोन वेगळ्या स्विचवरचे दोन प्रोटेक्टेड पोर्ट एकमेकांशी खुशाल बोलतात.

आता ज्या गोष्टीबद्दल मी दर वेळी आग्रह धरते ती. स्विचने दोन सर्व्हर एकमेकांपासून तोडले, पण ते फ्रेमच्या पातळीवर. राउटर आयपी बघतो. पहिल्या सर्व्हरने पाकिटावर दुसऱ्याचा आयपी लिहिला आणि मॅक मात्र गेटवेचा घातला, तर स्विचला त्यात वावगं काही दिसत नाही. आयसोलेटेड पोर्टकडून प्रॉमिस्क्युअस पोर्टकडेच चाललंय ते. गेटवे आयपी वाचतो, पत्ता आपल्याच सबनेटमधला बघतो आणि आल्या वाटेने परत पाठवतो. आता ते १०० मधून येतं, आणि दुसऱ्या सर्व्हरच्या पोर्टवर सुखरूप उतरतं. प्रत्येक उपकरणाने आपलं काम चोख केलं आणि भिंत ओलांडली गेली. त्यामुळे गेटवेच्या त्या इंटरफेसवर नियम हवाच: खुद्द गेटवेकडे येणारं चालेल, या सबनेटमधून याच सबनेटकडे जाणारं चालणार नाही, बाकीचं चालेल. याच क्रमाने.

हे तपासायचं कसं, तेही बहुतेक ठिकाणी अर्धवट होतं. एका सर्व्हरवरून दुसऱ्याला पिंग मारलं, उत्तर नाही, ‘आयसोलेशन तपासलं’ अशी खूण केली. ते पिंग एआरपीलाच अडलेलं असतं, गेटवेच्या नियमाची परीक्षा झालेलीच नसते. पहिल्या सर्व्हरवर दुसऱ्याच्या आयपीसमोर गेटवेचा मॅक हाताने नोंदवायचा आणि मग पिंग मारायचं. तेव्हाही उत्तराची वाट बघायची नाही, कारण दुसऱ्या सर्व्हरची परतीची एआरपी अडेल आणि उत्तर येणारच नाही. दुसऱ्या सर्व्हरवर टीसीपीडंप लावून पाकीट तिथे उतरतंय का एवढं बघायचं. घात करायला एकेरी पाकीटही पुरतं.

याच वाटेचा सदुपयोगही होतो. दोन यंत्रांनी बोलावं, पण फायरवॉलच्या नजरेखालून, असं हवं असेल तर गेटवेवर लोकल प्रॉक्सी एआरपी सुरू करायची. एकाने दुसऱ्याचा मॅक विचारला की गेटवे आपलाच मॅक सांगतो, आणि शेजाऱ्याकडे जाणारं प्रत्येक पाकीट आधी त्याच्याकडे येतं. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय आणि जूनमध्ये नॉटपेट्या पसरले, तेव्हा आत शिरलेलं एक यंत्र शेजारच्या यंत्रांपर्यंत किती वेगाने पोचतं ते जगाने पाहिलं. मर्स्क समूहाच्या जेएनपीटीतल्या टर्मिनलचं कामही नॉटपेट्याने विस्कळीत झालं होतं. प्रायव्हेट व्हीलॅनने ते सगळं थांबलं असतं असं मी म्हणणार नाही. पण कार्यालयातल्या एका डेस्कटॉपला शेजारच्या डेस्कटॉपशी सहसा काहीच बोलायचं नसतं. त्याला फाइल सर्व्हर, प्रिंटर आणि इंटरनेट लागतं. शेजाऱ्यांमधलं ते दार उघडं का ठेवायचं, याचं कारण मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

प्रॉमिस्क्युअस पोर्ट देताना हात आखडता हवा, हे त्याला लागूनच. बॅकअप सर्व्हरला सगळीकडे जावं लागतं म्हणून त्यालाही तसा पोर्ट मागितला जातो. एकदा दिला की प्रत्येक ग्राहकापर्यंत पोचणारं यंत्र तयार होतं, आणि मधे फायरवॉलही नसतो. माझं म्हणणं, बॅकअप वेगळ्या सबनेटमध्ये, फायरवॉलच्या मागे ठेवावा. थोडा वेग जातो, जाऊ द्यावा.

आणि एक परिणाम, जो तक्त्यात कुठेच नसतो. नेहमीच्या व्हीलॅनमध्ये दोन यंत्रांना चुकून एकच आयपी लागला तर ती एकमेकांची एआरपी ऐकतात आणि पडद्यावर तक्रार करतात. आयसोलेटेड पोर्टवर ती एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. दोघांनाही वाटतं पत्ता आपलाच. फक्त गेटवेच्या टेबलात एका आयपीसमोरचा मॅक पालटत राहतो, आणि दोन्ही ग्राहक ‘मधूनमधून नेटवर्क जातं’ म्हणून फोन करतात. त्यावर इलाज पोर्टवरच करावा लागतो: कुठला आयपी, कुठला मॅक, कुठल्या पोर्टवर, याची गाठ पोर्ट चालू करतानाच स्विचवर बांधायची. दुसऱ्याचा पत्ता लावून आलेलं पाकीट मग आत शिरतानाच गळतं, आणि स्विचच्या लॉगमध्ये कुठल्या पोर्टवरून आलं होतं तेही सापडतं.